मोडलेल्या सौद्याचं पाचवं कारण

घराचा सौदा मोडल्याची बातमी इस्टेट एजंटला बहुधा फोनवर मिळते, आणि ती कधीच 'सौदा मोडला' अशा शब्दांत येत नाही. 'आमचं जरा थांबायचं चाललंय', 'मुलगा म्हणतोय दिवाळीनंतर बघू', 'बँकेचं काहीतरी अडतंय', अशा सौम्य बोलीत ती येते. एजंट जुना असेल तर पहिल्या वाक्यातच काय ते समजतो. नवा असेल तर आणखी चार दिवस फोन करत राहतो.

त्या फोनच्या आधी काय काय झालेलं असतं ते बाहेरच्याला दिसत नाही. पार्टीला डझनभर फ्लॅट दाखवून झालेले असतात. एनओसीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे खेटे झालेले असतात, इंडेक्स टू काढून दिलेलं असतं, बँकेच्या व्हॅल्युअरला गेटवरून वर नेऊन आणलेलं असतं. आणि भावावरून ताणली गेलेली ती शेवटची बैठक. दोन्ही बाजू उठून निघाल्या होत्या, तेव्हा एजंटने चहा सांगून त्यांना पुन्हा बसवलं होतं. यातल्या कशाचंही बिल होत नाही. दलाली मिळते ती सौद्यावर, पुण्या-मुंबईकडे साधारण एक ते दोन टक्के. सौदा नाही तर टक्का नाही.

गंमत अशी की कायद्याने पाहिलं तर एजंटचं काही गेलेलंच नसतं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 सांगतं, की नुसत्या विक्रीच्या करारामुळे त्या मालमत्तेत कुणाचाही हक्क किंवा बोजा उभा राहत नाही. साठेखत हातात असलेल्या खरेदीदाराची ही गत, तर टोकनवर अडलेल्या सौद्यातल्या मध्यस्थाला कोण विचारतो! पण टोकन पडलं त्या संध्याकाळपासूनच दलालीचा आकडा त्याच्या मनात खर्च व्हायला लागलेला असतो. मुलीची फी, गाडीचे थकलेले हप्ते, गावाकडच्या घराचं छप्पर. म्हणून जे कधी हातात आलंच नव्हतं, ते गेल्याचं दुःख त्याला होतं, आणि ते खोटं नसतं.

अशा वेळी त्याला गीता ऐकवली जाते. दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक महाराष्ट्रात इतका पाठ आहे, की त्याचा उल्लेख करायलाही श्लोक म्हणावा लागत नाही. 'फळाची अपेक्षा ठेवू नये रे' एवढं म्हटलं की झालं. हा सल्ला देणारा बहुधा एक तारखेला पगार घेणारा असतो. त्याच्या कामाचं फळ महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होतं, त्याने अपेक्षा ठेवो वा न ठेवो. कमिशनवर जगणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. फळ हेच त्याचं वेतन. निष्काम कर्म ही कल्पना त्याला लागू करायची तर ती कशी करायची, हा प्रश्न गंभीर आहे, आणि तो सुविचार म्हणून चिकटवून सुटत नाही.

लोकमान्य टिळकांना हा प्रश्न चांगलाच ठाऊक होता. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि 1915 साली छापून आलेला 'गीतारहस्य' हा ग्रंथ मुळात संसारात राहून व्यवहार करणाऱ्या माणसाची बाजू घेतो. फळ आणि फलाशा या दोन गोष्टी टिळक वेगळ्या करतात. सोडायची ती आशेची आसक्ती. वाट्याला आलेलं फळ नाकारायला गीता सांगत नाही, आणि हेतू न ठेवता आंधळेपणाने काम करायलाही सांगत नाही. या वाचनाप्रमाणे दलालीचा दर आधीच लेखी ठरवून घेणारा एजंट गीतेच्या विरुद्ध वागत नाही. टोकन ते खरेदीखत या मधल्या काळात त्या दलालीवर मनातल्या मनात घर बांधणारा मात्र वागतो.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतलं. त्यात फलत्यागाची एक रोखठोक बाजू येते: फळाचं चिंतन करणाऱ्याचा वेळ त्या चिंतनात जातो, ते सोडणाऱ्याचा सगळा वेळ कामाला मिळतो, म्हणून निष्काम माणसाचं काम सरस व्हायला हवं. हे एजंटच्या धंद्याइतकं दुसरीकडे कुठे तंतोतंत पटत नसेल. मोठ्या सौद्याचं टोकन पडलं की बाकीच्या पार्ट्यांना फोन करणं आपोआप कमी होतं. नवं घर पाहायला जाणं पुढच्या आठवड्यावर जातं. सौदा मोडतो तेव्हा तो एकटा मोडत नाही. त्याच्या भरवशावर ज्यांच्याकडे दुर्लक्ष झालं ते दोन-तीन सौदेही तोवर दुसऱ्या एजंटकडे गेलेले असतात. सावरायला जो वेळ लागतो त्यातला बराचसा या दुसऱ्या नुकसानीमुळे लागतो. फलत्यागाला इथे अध्यात्माइतकाच रोजच्या डायरीचा अर्थ आहे: टोकन पडलेल्या दिवशीही ठरलेले फोन व्हायला हवेत.

हे सगळं मान्य करूनही एक खटका उरतो. एजंटने काम केलं ते केलंच. मग त्याचा हक्क नेमका कशावर, कामावर की फळावर? न्यायालयांनाही याचं एकच एक उत्तर देता आलेलं नाही.

इंग्लंडमध्ये काही चित्रपटगृहांच्या विक्रीत एका एजंटला सौदा पूर्ण झाल्यावर दहा हजार पौंड कमिशन द्यायचं ठरलं होतं. त्याने गिऱ्हाईक आणलं. ते घ्यायला तयार होतं. मालकांनी मात्र विकायचं नाही असं ठरवलं. लक्झर (ईस्टबोर्न) विरुद्ध कूपर या नावाने 1941 मध्ये नोंदल्या गेलेल्या त्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने एजंटला काहीही दिलं नाही. थोड्या श्रमात मोठी रक्कम मिळण्याची आशा असलेल्या माणसाने जोखीमही आपणच उचलावी, असा त्या निकालाचा सूर आहे. आठ-नऊ दिवसांच्या खटपटीसाठी मागितलेली ही रक्कम लॉर्ड चॅन्सेलरच्या वर्षभराच्या वेतनाएवढी होते, असा शेराही एका न्यायमूर्तींनी मारला. शेरा थोडा कडवटच म्हणायचा.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्थापनेच्याच वर्षी, 1950 मध्ये, कलकत्त्याच्या एका घरमालकाच्या खटल्यात दुसरी वाट धरली. अब्दुल्ला अहमद या दलालाला मालकाने लिहून दिलं होतं, की ठरलेल्या किमतीला गिऱ्हाईक मिळवून दिलंस तर तुला अमुक रक्कम. दलालाने 1,10,000 रुपये देणारं गिऱ्हाईक आणलं. मग मालकाने दलालाचा अधिकार रद्द केला आणि त्याच गिऱ्हाइकाच्या माणसाला घर विकलं. न्यायालयाने कराराचे शब्द पाहिले. करार गिऱ्हाईक मिळवून देण्याचा होता, ते मिळवून दिलं होतं, म्हणजे दलालाचं काम पुरं झालं होतं. दलाली त्याला मिळाली.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की दिसतं, की कर्म आणि फळ यांच्यातली रेघ निसर्गाने आखून दिलेली नाही. ती माणसं कागदावर आखतात. 'साठेखताच्या दिवशी अर्धी दलाली, ताबा मिळाल्यावर अर्धी' असं एका ओळीत लिहून घेणारा एजंट तत्त्वज्ञानाचा प्रश्न आधीच सोडवून बसलेला असतो. आपल्याकडे मात्र तोंडी दलालीचा रिवाज अजून दांडगा आहे. 'आपण काय परके आहोत का' या वाक्याने जितकी दलाली बुडते, तितकी बाजार पडल्यानेही बुडत नसेल.

पण कागद चोख असूनही सौदा मोडतोच. मग सावरायचं कसं? गीता इथे पुन्हा उपयोगी पडते, मात्र तिचा पाठ नसलेला भाग. अठराव्या अध्यायात तेराव्या-चौदाव्या श्लोकांत कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवं दैव. लगेच पुढे सोळाव्या श्लोकात म्हटलंय, की या पाचांकडे न पाहता जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी कच्ची. हे सहसा अहंकारी माणसाला सुनावलेलं मानलं जातं. पण सौदा मोडल्यावर 'माझ्यामुळेच झालं' म्हणून रात्रभर तळमळणारा एजंटही तीच चूक करत असतो. यशात 'मी केलं' आणि अपयशात 'मी घालवलं', दोन्हीकडे हिशोब एकाच खात्यावर मांडलेला असतो.

समजा, पुण्यातल्या जुन्या सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. वडिलांच्या नावावर, वडील गेलेले, आई त्यांच्या आधीच गेलेली, मृत्युपत्र नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरला मुलगा, आणि तोच विकायला निघालाय. भाव ठरला, टोकन पडलं, खरेदीदाराचं कर्ज बँकेकडे गेलं. बँकेच्या वकिलाने विचारलं, बाकीचे वारस कुठायत? धाकटा भाऊ आहे, त्याची हरकत नाही. आणि बहीण आहे नाशिकला. तिचं हक्कसोडपत्र हवं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 'तिचं लग्न झालंय, तिचा काय संबंध' असं थोरला म्हणतो. संबंध आहे. 2005 च्या दुरुस्तीची चर्चा फार झाली, पण ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेसाठी. वडिलांनी स्वतः कमावलेल्या आणि मृत्युपत्राविना मागे ठेवलेल्या घरात मुलगी 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच मुलांच्या बरोबरीची वारस आहे, लग्न झालेलं असो वा नसो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही पुष्कळांच्या गळी उतरत नाही. बहिणीला आधी कुणी विचारलेलं नसतं, ती दुखावते. मग तिच्या घरी कुणीतरी आजारी पडतं, तिचं पुण्याला येणं लांबतं. कर्जमंजुरीची मुदत संपते, खरेदीदार दुसरा फ्लॅट घेतो.

आता पाच कारणं एकेक करून पाहावीत. अधिष्ठान म्हणजे ती मिळकत, तिच्या नावातला हा जुना गुंता; तो एजंट येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. करणं म्हणजे कागद आणि बँक. बँकेने चूक केली नाही, तिने तिचं काम केलं. चेष्टा म्हणजे सगळ्यांच्या निरनिराळ्या हालचाली. त्यांत थोरल्याने बहिणीला डावलणं हे सगळ्यात वजनदार. कर्ता म्हणजे एजंट स्वतः. त्याच्या वाट्याला एक नेमकी गोष्ट येते: टोकन घेण्याआधी मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी त्याने मागितली नव्हती. बस एवढीच, पण ती पुरती त्याची. आणि नाशिकचं आजारपण? ते पाचवं.

या पाचव्या कारणाबद्दल भाष्यकारांतही एकमत नाही. आचार्य शंकरांनी तिथे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या, डोळ्याला सूर्य अशा, देवता घेतल्या. रामानुजांनी अंतर्यामी परमात्मा घेतला. दोघांनीही दैवाला नुसत्या नशिबाच्या टोपलीत टाकलेलं नाही. त्याहून लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे त्याचं स्थान. ते पाचांतलं एक आहे, आणि यादीत शेवटी येतं. पत्रिका, पितृपक्ष, घराचं तोंड दक्षिणेला, कुणाची तरी नजर, असं म्हणत पाचही खाती दैवाच्या नावावर चढवणारा एजंट पुढच्या वेळीही वारसांची यादी मागणार नाही.

ही विभागणी मनाची समजूत घालण्यासाठी केलेली युक्ती वाटण्याचा संभव आहे. तिचा कस असा की ती सुटका करते तेवढंच बांधूनही ठेवते. चार वाटे दुसरीकडे गेले म्हणून झोप येते, आणि आपला वाटा नाव-गावासकट समोर उरतो. पुढच्या फाइलच्या पहिल्या पानावर तो प्रश्न म्हणून लिहिता येतो. 'मी कमनशिबी' किंवा 'मी नालायक' हे कुठल्याच पानावर लिहिता येत नाही.

मोडलेल्या सौद्यांचा आणखी एक वर्ग असतो, ज्याचं दुःख मुळातच करू नये. तो म्हणजे जे सौदे मोडायलाच हवे होते.

इसवी सनापूर्वी 44 मध्ये रोमन विचारवंत सिसेरोने अथेन्समध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात घरविक्रीचीच चर्चा आहे. एक भला माणूस घर विकतोय. घर रोगट आहे, लाकूड किडलंय, पण हे मालकाशिवाय कुणाला माहीत नाही. त्याने सांगावं का? दोन स्टोइक तत्त्वज्ञांत यावरून मतभेद होता. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणे, न सांगणं म्हणजे फसवणं नव्हे, गिऱ्हाइकाला डोळे आहेत. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणे, वाट चुकलेल्याला रस्ता न दाखवण्याहून हे वाईट आहे. सिसेरोने शिष्याची बाजू घेतली.

पुढे तो रोममधली खरीच घडलेली हकीकत सांगतो. सीलियन टेकडीवर क्लॉडियस सेन्टुमॅलसचं घर होतं. पक्ष्यांवरून शकुन पाहणाऱ्या पुरोहितांच्या नजरेआड त्याचा उंच भाग येत होता, म्हणून त्यांनी तो पाडायला सांगितला. क्लॉडियसने घर बाजारात काढलं. कॅल्पर्नियस लॅनेरियसने ते घेतलं. मग तोच पाडापाडीचा हुकूम त्याच्या दारात आला. त्याने दावा लावला, आणि न्यायाधीश मार्कस केटोने (प्रसिद्ध धाकट्या केटोच्या वडिलांनी) निवाडा दिला, की माहीत असून न सांगणाऱ्या विक्रेत्याने नुकसान भरून द्यावं. महापालिकेची नोटीस पाकिटातच ठेवून फ्लॅट विकायला काढण्याचा प्रकार किमान दोन हजार वर्षं जुना आहे तर.

आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 अँटिपेटरच्याच बाजूचं आहे: साध्या दक्षतेने खरेदीदाराच्या लक्षात येणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत असेल तर त्याने तो सांगायला हवा. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, गॅलरी नकाशात नसताना खोलीत घेतलीय, गच्चीवरून सोसायटीचा खटला चालू आहे, हे एजंटने सांगितलं आणि पार्टी उठून गेली, तर त्याच्या पाच खात्यांत चूक म्हणून लिहायला काही सापडणार नाही. दलाली गेली हे खरं. पण तिथे जे घडलं ते त्याचं काम बिघडल्याने घडलं नाही, झाल्याने घडलं. उठून गेलेली पार्टी सहा महिन्यांनी त्याच एजंटला फोन करते, हे धंद्यातले जुने लोक सांगतात. करतेच असं नाही.

मोडलेल्या सौद्यानंतरचा सगळ्यात कसोटीचा प्रश्न मात्र टोकनचा. ते कुणाचं?

इस्लामी धर्मशास्त्रात यावर मोठा वाद आहे. खरेदी फिरली तर बयाणा विक्रेत्याने ठेवून घ्यावा ही अट बहुतेक पंथांनी अमान्य केली; हंबली पंथाने चालवून घेतली. हंबलींनी ज्या घटनेचा आधार घेतला तीही घराच्याच सौद्याची आहे. खलिफा उमर यांच्यासाठी मक्केत तुरुंग म्हणून सफवान इब्न उमय्या यांचं घर घेतलं गेलं, आणि उमर यांना ते पसंत पडलं नाही तर सफवान यांना चारशे नाणी मिळतील, असं ठरलं. भारतीय करार कायद्याचं कलम 74 आणि 1963 चा फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास हा निकाल मधली वाट घेतात: करारात आकडा लिहिला म्हणून तेवढी सगळी रक्कम आपोआप मिळत नाही, वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते.

एजंटला या वादात मोह होतो तो वेगळाच. टोकन पुष्कळदा त्याच्याच टेबलावर पडलेलं असतं. मालक चिडलेला, खरेदीदार घायकुतीला आलेला, आणि मधल्यामध्ये आपल्या श्रमांचे म्हणून काही हजार कापून घेणं सोपं असतं. कुणी फार खळखळ करत नाही.

इथे देहूच्या वाण्याची आठवण काढायला हवी. तुकारामांचं दुकान 1630 च्या आसपासच्या दुष्काळात बुडालं, पहिली बायको आणि मुलगा गेला, दिवाळं निघालं. पुढे त्यांनी घराण्याच्या सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तिच्यातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. परंपरा सांगते की बुडवण्याआधी त्यांनी खतांची वाटणी केली, निम्मी धाकटा भाऊ कान्होबाला दिली, आणि नदीत गेली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. इतक्या टोकाच्या विरक्तीतही दुसऱ्याच्या हक्काच्या कागदाला त्यांनी हात लावला नाही.

नाशिकच्या बहिणीच्या सहीवरून मोडलेल्या त्या सौद्यात एजंटच्या वाट्याचं असं एकच आहे, न मिळालेली दलाली. सोडायची तर ती सोडता येते, लेखी ठरली असेल तर मागताही येते. टोकन त्याच्या वाट्यात नाही. विकण्याचा पुरता अधिकार नसलेल्या माणसाशी खरेदीदाराने सौदा केला होता, तेव्हा रक्कम ठेवून घ्यायला मालकाकडेही सबळ कारण नाही, आणि हे थोरल्या मुलाला तोंडावर सांगण्याचं अवघड काम एजंटलाच करावं लागतं. ते त्याच आठवड्यात केलेलं बरं. रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत जावी, दोन्ही बाजूंची सौदा रद्द झाल्याची सही एका कागदावर घ्यावी, टोकनची मूळ पावती परत मागून फाइलला लावावी. मग बहिणीला एक फोन. फ्लॅट अजून विकायचाच आहे, आणि यावेळी तिला पहिल्यांदा विचारता येईल.